पॅसिफिकपर्यंतचा ट्रेलर

१४ एप्रिल, शुक्रवार

ट्रेलर घ्यायचा म्हणे!

अंगणात अजून बर्फाचे ढीग आहेत आणि नवरा सकाळीच गॅरेजमध्ये मोटरसायकलवरची चादर काढून उभा. "मार्लिस, जरा मापाची पट्टी धर." मी टोक धरलं. मागच्या चाकापासून भिंतीपर्यंत काहीतरी मोजलं, मान हलवली, आणि मग सांगितलं. मोटरसायकलमागे ओढायचा एक छोटा ट्रेलर घ्यायचा. सामान त्यात, आपण दोघं गाडीवर, आणि जूनमध्ये निघायचं ते थेट ओरेगॉनच्या किनाऱ्याला. पॅसिफिक!

व्हर्लिनची सगळी नोकरी धान्याच्या कोठारावर गेली. दर उन्हाळ्यात पॅसिफिक ठरायचा आणि दर उन्हाळ्यात कुणाचा तरी गहू आडवा यायचा. "यंदा नाही तर कधीच नाही," म्हणाला. का, ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही. फेब्रुवारीत सू फॉल्सच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डाव्या हाताच्या थरथरीला नाव दिलं — पार्किन्सन. डावा हात म्हणजे क्लचचा हात. मग गाडीचं काय, असं त्याने तिथे विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आता विचारायला हवं. एवढी अवजड गाडी, मागे मी, माझ्यामागे ट्रेलर — आणि तो हात! पण पट्टी गुंडाळताना त्याचा चेहरा पाहिला. हिवाळाभर नुसता खिडकीशी बसून होता, आज पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काही दिसलं. मी आपली म्हणाले, "बघू या की."

भित्री कुठली.

१५ एप्रिल, शनिवार

मोटरसायकल क्लबची न्याहारी. ट्रेलर म्हटल्यावर काय, माश्या गुळावर! आर्डनकडे सात वर्षं ट्रेलर आहे, त्यामुळे या विषयावर त्याच्यापुढे कुणी बोलायचं नसतं.

"हे बघ व्हर्लिन, एका चाकाचा नको. गाडीबरोबर कलतो, डोलतो — नाचायला बरा, सामान न्यायला नाही. दोन चाकांचा घे. आणि पुढचा दांडा गाडीला अडकतो ना, त्यावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा पडला पाहिजे. बाथरूममधला वजनकाटा आणायचा, दांड्याखाली ठेवायचा, बघायचं. जड सामान पुढे. मागे जड झालं की शेपूट कुत्र्याला हलवतं."

"आणि पुढे बर्फाची पेटी," लाव्हॉन म्हणाली. आर्डनची बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण. "नाहीतर सँडविच कुठे ठेवणार?"

"आणि रंग!" आर्डनने काटा उगारला. "रंग गाडीचाच हवा. तुझी गाडी लालबुंद आणि मागे निळा ट्रेलर — मी तुला ओळख दाखवणार नाही, सांगून ठेवतो."

सगळे हसले. व्हर्लिनही. सबंध वेळ त्याचा डावा हात जाकिटाच्या खिशात होता. एका हाताने सॉसेज कापता येईना, तसा काटा खाली ठेवला. मी त्याची ताटली ओढली, तुकडे केले, दोन स्वतः खाल्ले आणि म्हणाले, "डॉक्टरांनी याला कमी खायला सांगितलंय." लाव्हॉनने माझ्याकडे पाहिलं. क्लबात कुणाला माहीत नाही आणि त्याला ते कुणाला कळू द्यायचं नाही.

१९ एप्रिल, बुधवार

वर्दिंग्टनला एका चाकाचा पाहिला. (आर्डनला सांगायचं नाही असं ठरलं.) व्हर्लिन गुडघ्यावर बसून चाक, स्प्रिंग, कडी सगळं बघत होता. मी म्हटलं, "झाकण उघडताना माझ्या डोक्याला लागेल."

"तसं वाटतं?"

"वाटतं म्हणजे? लागलंच बघ."

उठला, विकणाऱ्याशी हात मिळवला, परत आलो.

झाकणाला काहीही झालेलं नव्हतं. खोटं बोलले मी. बेत असा — प्रत्येक ट्रेलरमध्ये खोट काढायची. खोटी काढता काढता जून जाईल, जुलै जाईल, मग पुन्हा बर्फ. 'तू गाडी चालवू नकोस' हे वाक्य मला म्हणावंच लागणार नाही. फार थोर बेत नाही, पण दुसरा सुचत नाही.

२३ एप्रिल, रविवार

आज चर्चनंतर ब्रुकिंग्जला गेलो. पेटीसारखा, दोन चाकांचा, लालबुंद — आर्डनच्या स्वप्नातला. मी खोट शोधायला तोंड उघडणार तोच व्हर्लिन म्हणाला, "मार्लिस, दांडा उचल."

"मी? तूच उचल की!"

"नाही, तू उचल."

उचलला. गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेतून कळ गेली. त्याने लगेच हातातून घेतला. "मग नको हा," म्हणाला, आणि चालू लागला! विकणारा बघतच राहिला.

आता ट्रेलर हाताने ढकलायचा, लावायचा, काढायचा ही कामं त्याची. मला कशाला उचलायला लावतोय? पण एक ट्रेलर आपोआप कटला.

२६ एप्रिल

पाऊस, गारा. हात जास्त थरथरतो आहे. कॉफीचा कप अर्धाच भरते आता. त्याला कळतं.

२९ एप्रिल, शनिवार

आजची गंमत लिहायलाच हवी. न्याहारीहून आलो तर म्हणाला, वजन घेऊन गाडी कशी चालते बघतो. पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतो ना आपण ते मीठ — त्याच्या गोण्या तळघरातून आणल्या आणि मागच्या सीटवर, माझ्या जागी, पट्ट्यांनी बांधायला लागला. मी दारात उभी. एक, दोन, तीन... चौथी बांधली. पाचवी आणायला निघाला!

"व्हर्लिन! मी केवढी वाटते रे तुला? साडेतीन गोण्या होईन फार तर!"

"जास्त असलेलं बरं."

"जास्त? पाच गोण्या म्हणजे तुझ्याएवढं वजन झालं!"

कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मागच्या स्प्रिंगा पिळून पिळून घट्ट केल्या आणि गोण्यांना घेऊन गल्लीत दोन फेऱ्या मारून आला. समोरच्या घरातली माणसं खिडकीत. मी म्हटलं, "तिला सांभाळून ने हो, माझ्यापेक्षा कमी बोलते."

खूप दिवसांनी पोट धरून हसले. मग आत येऊन भांडी घासताना रडले. फेरी मारून थांबताना गाडीने गचका खाल्ला होता. क्लच नीट सुटला नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं.

६ मे, शनिवार

हात अजून थंड आहेत. लिहूनच झोपते.

आर्डनने दिवसभरासाठी त्याचा ट्रेलर दिला — "ओढून बघ, मग बोल." क्लबची सहल होती, सगळे तळ्यावर लाव्हॉनच्या बहिणीकडे. सकाळी आर्डनने स्वतः वजनकाटा लावला, सामान पुढे-मागे केलं, दहावा हिस्सा अगदी बरोबर आला. पोराचं बारसं असावं तसा थाट! जाताना ट्रेलर मागे आहे हे कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, उगाच घाबरते मी.

मग निघायची वेळ झाली. आणि आमच्याकडचं निघणं म्हणजे! 'चला मग' म्हटल्यावर खरं बोलणं सुरू होतं. दारात अर्धा तास, पायरीवर अर्धा तास, गाडीशी अर्धा तास. लाव्हॉनच्या बहिणीने रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याच्या बरण्या आणल्या. "घ्या गं, खूप झालाय." कुणी लोणच्याच्या काकड्या दिल्या. उरलेलं हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भाजलेला थर, काचेच्या भांड्यासकट. कुणी बटाट्यांची पिशवी आणली, "ट्रेलर आहेच की!" जो तो बोलता बोलता झाकण उघडत होता आणि आपली वस्तू जिथे हात पोचेल तिथे ठेवत होता — म्हणजे मागच्या टोकाला. नाही म्हणणं उद्धटपणाचं, आणि निरोप चालू असताना वजनकाटा काढून बसणं तर त्याहून. आर्डनसुद्धा तिथेच होता. त्यानेच बटाटे ठेवले!

हायवेवर उताराला लागलो आणि शेपूट हललं. आधी थोडं. मग गाडीचा मागचा भाग कुणीतरी दोन्ही हातांनी धरून हलवावा तसं. डावीकडे, उजवीकडे, अजून जोरात. मागून ट्रक. व्हर्लिनने ब्रेक मारला नाही, ते बरोबर केलं, नुसता वेग सोडला. पण पुढे क्लच धरून गिअर उतरवायचा तर हात ऐकेना. बोटं मुठीवर येत होती आणि घसरत होती, मला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. मी ओरडले नाही. ट्रक भोंगा वाजवत बाजूने गेला. कसेबसे कडेच्या खडीवर येऊन थांबलो.

मग मी उतरले, मुरंब्याच्या बरण्या एकेक करून पुढे आणल्या. तो उतरला नाही. हॅंडलवर कपाळ टेकून बसला होता.

आर्डनला ट्रेलर परत केला तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "मस्त आहे. झकास ओढतो."

७ मे, रविवार

चर्चमध्ये भजनाचं पुस्तक त्याच्या हातात इतकं हलत होतं की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. मी पुस्तकाची दुसरी बाजू धरली. लग्नात केकची सुरी धरतात तसं दोघांनी मिळून धरलं. एक ओळही गाता आली नाही मला.

९ मे, मंगळवार

बोलले. शेवटी बोलले!

जेवणं झाली होती. तो टेबलावर पसरून ट्रेलरची चित्रं बघत होता, अजूनही! मी म्हटलं, "व्हर्लिन, तू आता गाडी चालवायची नाही. मला पॅसिफिक नको, ट्रेलर नको, तू हवास. गेले तीन आठवडे मी प्रत्येक ट्रेलरला खोटी नावं ठेवतेय. झाकण लागत नव्हतं डोक्याला."

मला वाटलं ओरडेल. चित्रावरून नजर उचलली नाही त्याने.

"माहीत आहे," म्हणाला. "झाकण चांगलं होतं."

"मग?"

"पॅसिफिकपर्यंत मी चालवणार नाही हे मला फेब्रुवारीतच कळलं. डॉक्टरीणबाईंना म्हणून तर विचारलं नाही."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"तुझ्यासाठी शोधतोय." मग अगदी हळू — "तू चालव. मी मागे बसतो."

मला एकेक कळत गेलं. दांडा मला उचलायला लावला. कमरेत कळ आली तर ट्रेलर नको म्हणाला. आणि त्या पाच गोण्या — त्या मी नव्हतेच. तो होता! स्वतःला मागे बांधून बघत होता, गाडी पेलते का म्हणून. आणि मी तिथे उभी राहून विनोद करत होते.

खरं सांगायचं तर आधी संताप आला. मी माझी छोटी मोटरसायकल विकली त्याला आठ वर्षं झाली. लायसन्स आहे, ते सवयीने नवं करून घेते इतकंच. मला मागची सीट आवडते. मागे बसून विणता येतं, गाई बघता येतात, चुकलो तर दोष त्याला देता येतो! आणि हा माणूस मला न विचारता, महिनाभर माझी मापं घेत होता — शिंप्यासारखी!

"विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणतेय."

१० मे

नाही म्हणजे नाही.

१२ मे, शुक्रवार

फोनवर बोलत होता, मला वाटतं आर्डनशी. "तुझ्या पुतण्याला गाडी हवी होती ना? ... नाही रे, काही नाही, कंटाळा आला." मग गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ आला नाही म्हणून पाहायला गेले तर गाडीवर चादर घालत होता. एका हाताने. कोपरा नीट बसेना, पुन्हा पुन्हा ओढत होता.

कंटाळा आला म्हणे! खोटं बोलण्यात माझा नवरा माझ्यापेक्षा कच्चा आहे.

मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि खेचून काढली. "ट्रेलर मी निवडणार," म्हटलं. "तू मध्ये बोलायचं नाही."

१६ मे, मंगळवार

घेतला!

पाइपस्टोनला कॉरिन म्हणून एक बाई स्वतः बनवते. तिच्या शेडमध्ये तीन होते. मोठ्यात तंबूसुद्धा उघडतो. व्हर्लिनचे डोळे चकाकले, पण शब्द दिलेला, तोंड बंद. मी आधी दांडा उचलला, एका हाताने. मग पिकअपमध्ये घालून आणलेल्या आमच्या गाडीवर बसले आणि कॉरिनला म्हटलं, एकेक मागे आणून उभा कर. मोठा आरशात मावेना. मधल्याचा एकच कोपरा दिसतो. सगळ्यात छोट्याचे दोन्ही कोपरे दोन आरशांत दिसले, आणि तो हॅंडलपेक्षा अरुंद — म्हणजे मी जिथून निघेन तिथून तो निघेल. खड्डा मात्र वेगळा बघावा लागतो. गाडीची दोन चाकं चुकवली तरी ट्रेलरची आणखी दोन उरतात, हे कॉरिनने सांगितलं. कडी फिरती आहे, गाडी कलली तरी ट्रेलर सरळ राहतो.

"हा," मी म्हटलं.

व्हर्लिनला राहवेना. "पण... रंग?" नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा, दुधाच्या कॅनसारखा.

"रंग तू मागे बसून बघत बस."

कॉरिन हसली. तोही हसला, पण जरा उशिरा.

२० मे, शनिवार

चर्चमागच्या मोकळ्या आवारात सराव. वळताना बरी होते, थांबताना पडले. उभ्या गाडीनिशी, धप्पकन! कुणाला लागलं नाही. लाव्हॉन पाहायला आली होती (तिला सांगितलंय, तिने आर्डनलाही सांगितलेलं नाही, आणि हे तिच्यासाठी फार मोठं आहे). तिघांनी मिळून गाडी उचलली.

व्हर्लिनइतका वाईट मागे बसणारा जगात नसेल. मी डावीकडे कलले की हा उजवीकडे. नसलेला ब्रेक दाबतो. "आता! आता गिअर! अगं आता!" गुडघे माझ्या बरगड्यांत. आणि डावा हात माझ्यामागेसुद्धा खिशात. मी त्याचे सॉसेज कापते, बटणं लावते, आणि माझ्यापासूनच हात लपवतो!

"तुझा भरवसा नाही का माझ्यावर?"

"आहे की," म्हणाला, आणि नसलेला ब्रेक दाबला.

३ जून, शनिवार

आता नीट जमतं. ट्रेलर जोडून पन्नास मैल गेले काल. सामान मी भरते, निरोप घेऊन झाला की वजनकाटा पुन्हा लावते. कुणाला उद्धट वाटलं तर वाटो.

आज क्लबच्या न्याहारीला पहिल्यांदा गाडीवरून निघालो, मी पुढे. कॅफेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्याने खांद्यावर थोपटलं. "इथे थांब."

उतरला. "तू जा पुढे. मी चालत येतो, पाय मोकळे होतील."

मी गेले. सगळे बाहेर आले, आर्डनने ट्रेलरचा रंग पाहून छातीला हात लावला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. "व्हर्लिन कुठाय?" आणि रस्त्याच्या त्या टोकाकडून तो येताना दिसला, हेल्मेट काखेत, हात खिशात. सगळ्यांना दिसलं. आर्डनने रंगाचा विषय तिथेच सोडला. पुढे जाऊन त्याच्याबरोबर चालत आला.

मला वाटतं पॅसिफिकपर्यंत असंच होणार. प्रत्येक गावाआधी उतरणार हा माणूस. जायचं का तरी?

१२ जून, सोमवार. चेंबरलेन, मिझूरी नदीच्या काठी

मिचेल गाव सोडलं आणि त्याने खिशातून डावा हात काढला. न सांगता माझ्या कमरेवर ठेवला. जाकिटातून थरथर कळत होती — मुद्दाम कळू देत होता. गावं आली, गेली, त्याने थांब म्हटलं नाही. मैलच्या मैल तसाच हात. मग एकदम त्याची थरथर थांबली! मी वेग कमी केला. झोपेत सोडून तो हात कधीच थांबत नाही.

तेवढ्यात त्याचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं.